कणखरपणाचे माप

जगातले सर्वात कणखर सैनिक कोणाचे? ब्रिटनच्या एसएएसचे, अमेरिकेच्या नेव्ही सीलचे, रशियाच्या स्पेट्सनाझचे, की आपल्या पॅरा स्पेशल फोर्सेसचे? भरतीची तयारी करणारी मुले हा प्रश्न एकमेकांना विचारतात, मोबाइलवर त्याची उत्तरे शोधतात आणि त्यावरून तावातावाने भांडतात. या पुस्तकाचा जन्म त्याच भांडणातून झाला. प्रश्न पोरकट आहे असे मला मुळीच वाटत नाही. ज्या वयात माणूस आपण कोण व्हायचे ते ठरवत असतो, त्या वयात कणखर कोणाला म्हणायचे याचे उत्तर तो कुठून घेतो, यावर त्याचे पुढचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते. ते उत्तर पहिल्या दहांच्या यादीतून न येता घडलेल्या लढायांतून यावे, एवढ्यासाठी ही पाने लिहिली आहेत.

ती लोट्यात लिहिली गेली, यालाही अर्थ आहे. लोटे परशुराम म्हटले की लोकांना रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आठवते. खेड आणि चिपळूण यांच्या मध्ये, मुंबई–गोवा महामार्गावर, परशुराम घाटाच्या वरच्या अंगाला हे गाव आहे. इथल्या मुलांपुढे फार वाटा नसतात. कारखान्यातली पाळी, मुंबईतली नोकरी किंवा फौज. यातली फौजेची वाट सर्वात जुनी. वसाहत येण्याच्या कितीतरी आधीपासून कोकणातली घरे पलटणीतून येणाऱ्या मनीऑर्डरींवर चालत होती. इथून महामार्गाने उत्तरेला निघाले की खेड, पोलादपूर, महाड ओलांडून माणगाव येते. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा उभा आहे. पश्चिमेला दापोली आहे, जिथे पेन्शनीत निघालेले सुभेदार आणि हवालदार कॅम्पात घरे करून राहत. सर्वात कणखर कोण, या प्रश्नाची काही चांगली उत्तरे या पन्नास कोसांच्या परिसरातच सापडतात. जगाकडे पाहताना ती नजरेआड होऊ नयेत, असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

पहिला भाग निवडीविषयी आहे, कारण चर्चा नेहमी तिथूनच सुरू होते. अमेरिकेतल्या कोरोनाडो येथे सील होऊ पाहणाऱ्या उमेदवारांना ‘हेल वीक’मधून जावे लागते. साडेपाच दिवसांच्या त्या आठवड्यात सगळी मिळून जेमतेम चार तासांची झोप, अंगावर सतत थंड समुद्राचे पाणी आणि डोक्यावर रबरी होडी. ज्याला सोडायचे असेल त्याने पितळी घंटा तीनदा वाजवायची. ब्रिटनच्या एसएएसची निवड वेल्समधल्या ब्रेकन बीकन्सच्या डोंगरांत होते. पाठीवर वजन, हातात नकाशा, आणि शेवटी सुमारे ६४ किलोमीटरची चाल. वाटेत कोणी ओरडत नाही, कोणी शाबासकी देत नाही. वेळ किती उरला हेसुद्धा कोणी सांगत नाही. आपल्याकडे पॅरा स्पेशल फोर्सेससाठी स्वेच्छेने आलेल्या जवानाला प्रोबेशनचे कित्येक महिने झोप, अन्न आणि विश्रांती तोडून पारखले जाते. बहुतेक जण परत पाठवले जातात. जे टिकतात त्यांना मरून बेरे आणि ‘बलिदान’ बॅज मिळतो.

या तिन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. त्यांत दंडाची ताकद पहिल्या काही दिवसांतच मोजून संपते. पुढे पाहिले जाते ते हे, की थकून डोके बधिर झाल्यावरही माणूस नकाशा नीट वाचतो का, आणि उपाशी असताना शेजाऱ्याच्या पाठीवरचे ओझे घेतो का. उगाच छळ करण्यात मात्र कसलीच थोरवी नाही. जुलै २०१३ मध्ये ब्रेकन बीकन्समध्ये एसएएसच्या राखीव दलाच्या निवडीत कडक उन्हात चालताना तीन उमेदवारांचा मृत्यू झाला. मर्यादा ओळखणे ही कसोटी घेणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. भरतीसाठी उन्हात उपाशीपोटी सोळाशे मीटर मारणाऱ्या आपल्या मुलांनी आणि त्यांना पळवणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षपूर्वक वाचावे.

निवडीनंतर काम येते, आणि यादी करणाऱ्यांची पंचाईत तिथेच होते. डिसेंबर २०२३ मध्ये सोमाली चाच्यांनी ‘रुएन’ हे मालवाहू जहाज पळवले. मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाने ते भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर गाठले. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो आपल्या होड्यांसह भर समुद्रात उतरले. चाळीस तासांच्या कारवाईनंतर ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. इकडे महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, १९९० पासून पोलिसांचे सी-६० पथक काम करते. त्यातले बहुतेक जवान त्याच जिल्ह्यातले, गोंडी आणि माडिया बोलणारे, जंगलातली पायवाट आणि नाला ओळखणारे. रुएनवर चढण्याचे काम सी-६० करू शकले नसते, आणि पावसाळ्यातल्या अबूझमाडच्या सीमेवर माडिया न येणारा मार्कोस त्यांच्याइतका उपयोगी पडला नसता. नांगर आणि पडाव यांत कणखर कोण, असे कोकणातला शेतकरी विचारत नाही. शेत आणि खाडी वेगळी आहेत हे त्याला ठाऊक असते.

पुस्तकाचा दुसरा भाग सर्वात मोठा आहे आणि माझ्या सर्वात जिव्हाळ्याचा आहे. त्यात एकाच पलटणीची कथा आहे. १७९७ मध्ये मुंबई लष्करात उभी राहिलेली ही पलटण पुढे ११० वी मराठा लाइट इन्फंट्री म्हणून ओळखली गेली. पहिल्या महायुद्धात ती मेसोपोटेमियात होती. डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा या गावात तुर्की फौजेने घातलेला वेढा १४७ दिवस चालला. रसद संपली, वेढा फोडायला आलेल्या फौजा मागे रेटल्या गेल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले. सुमारे १३,००० माणसे कैदेत गेली. त्यांतले हजारो वाळवंटातल्या चालीत आणि छावण्यांत मेले. तिथे कुणी आकाशातून उडी घेतली नाही, कुणाच्या डोक्यावर विशेष टोपी नव्हती. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी फरशी असते: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत. त्या आकड्यांमागे अशीच माणसे आहेत.

१९२२ च्या फेररचनेत हीच पलटण ‘थ्री बाय फाइव्ह’, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. १९४१ मध्ये ती इरिट्रियात केरेनच्या उभ्या कड्यांवर इटालियनांशी लढली, आणि मग इटलीत उतरली. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात या पलटणीतल्या एका रायफल सेक्शनवर जवळून मशीनगनचा मारा झाला. सेक्शनचा नाईक सोडून सगळे पडले, कोणी ठार तर कोणी जखमी. उरलेला एकटा नाईक थेट त्या मोर्च्यावर धावला. ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, दुसऱ्याला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा टॉमीगनच्या फटक्यांनी उरलेल्या दोघांना लोळवले. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो त्याच मोर्च्यात पडला. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे ते यशवंत घाडगे. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा हा माणूस साध्या पायदळातला होता.

इथून कथेला वळण मिळते. १९४६ मध्ये हीच पलटण छत्रीधारी झाली. १९४८ मध्ये ती ब्रिगेडियर उस्मान यांच्या ५० पॅराशूट ब्रिगेडमधून नौशेरा–झांगडच्या मुलखात लढली. १९५२ मध्ये तिला ‘२ पॅरा (मराठा)’ हे नाव मिळाले. १९६१ मध्ये ती गोवा मुक्तीच्या मोहिमेत होती. ११ डिसेंबर १९७१ रोजी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली तिने पूर्व पाकिस्तानात टांगाइलजवळ उडी घेतली. सुमारे सातशे जवान उतरले आणि लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात आला. मैमनसिंग आणि जमालपूरकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तुटली. पाच दिवसांनी ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्या भारतीय फौजेत ही पलटण होती. २००० मध्ये तिचे रूपांतर पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये झाले. आज ज्या दलांच्या नावाने मुले यादी करतात, त्यांतले एक म्हणजे कूतमध्ये उपाशी राहून लढलेली आणि घाडग्यांनी जिच्यात प्राण दिला ती मराठी पलटण.

टांगाइलच्या त्या यशात दुसऱ्या एका पलटणीचा वाटा आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. जमालपूरच्या दक्षिणेला १ मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे १७६८ साली उभी राहिलेली ‘जंगी पलटण’, रस्ता अडवून बसली होती. कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. शरण यावे असे पत्र जमालपूरच्या पाकिस्तानी कमांडरला गेले, तेव्हा त्याने उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री त्या फौजेने वेढा फोडण्यासाठी मराठ्यांच्या मोर्च्यांवर धडक दिली. रात्रभर लढाई झाली, मोर्चे हलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले. मग उत्तरेकडून निघालेल्या मराठा जवानांची आणि आकाशातून उतरलेल्या २ पॅराची टांगाइलपाशी गाठ पडली. जमालपूर अडून राहिले असते, तर शत्रूच्या पाठीमागे उतरलेले ते सातशे जण एकटे पडले असते. छत्रीने उतरणाऱ्याला जमिनीवरून चालत येणाऱ्याची गरज असते. विशेष दलांविषयी जे काही शिकायचे, त्याचा पाया हा आहे.

फील्ड मार्शल विल्यम स्लिम यांनी हेच मत ठामपणे मांडले होते. ब्रह्मदेशात चौदाव्या सैन्याचे नेतृत्व करून जपान्यांना हरवणारा हा सेनापती खास पथकांविषयी साशंक होता. उत्तम माणसे वेचून वेगळी काढली की उरलेल्या पलटणींचा कस कमी होतो, आणि सामान्य जवानाच्या मनात अवघड काम आपले नव्हेच अशी भावना रुजते, असे त्यांचे म्हणणे. कारगिलने त्यांना दुजोरा दिला. १९९९ च्या उन्हाळ्यात तोलोलिंग, टायगर हिल आणि बत्रा टॉपची उंच ठाणी परत घेताना सर्वात मोठे ओझे राजपुताना रायफल्स, ग्रेनेडियर्स, जम्मू-काश्मीर रायफल्स यांसारख्या पायदळाच्या पलटणींनी उचलले. मी स्लिम यांच्याशी पूर्ण सहमत नाही. रुएनसारखी कामे वर्षानुवर्षे त्याच एका गोष्टीचा सराव केलेल्या माणसांनाच जमतात. पण खास दलाचे कौतुक करताना साध्या पलटणीला कमी लेखणे हा अन्याय आहे, इतके तरी त्यांच्याकडून घ्यायलाच हवे.

याहून मोठा अन्याय कोकणाने सोसला आहे, आणि त्याच्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी ‘लढवय्या जमाती’ ठरवल्या. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स या विचाराचे मोठे पुरस्कर्ते. उत्तरेकडच्या काही जमाती जन्मजात शूर आणि मुंबई–मद्रासकडचे शिपाई दुय्यम, अशी ती क्रमवारी होती. याच काळात महारांची भरती बंद झाली. मुंबई लष्करात पिढ्यान्‌पिढ्या सेवा केलेल्या समाजाला लेखणीच्या एका फटकाऱ्याने नालायक ठरवण्यात आले. दापोलीत राहणारे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये मराठीत विनंतीपत्र लिहून आपल्या समाजाला पुन्हा भरतीत घ्यावे अशी मागणी केली. त्याच दापोलीच्या कॅम्पात सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर राहत होते आणि त्यांचा धाकटा मुलगा भीमराव लहान होता. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली गेली, आणि युद्ध संपल्यावर मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा कुठे ते दार कायमचे उघडले.

रॉबर्ट्सच्या क्रमवारीला कूतने पहिला तडा दिला. तिथल्या आणि मेसोपोटेमियातल्या कामगिरीसाठी ११७ व्या मराठा पलटणीला ‘रॉयल’ हा मान मिळाला. महार रेजिमेंटने तर ती क्रमवारी पुसूनच टाकली. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत रात्री शोधमोहिमेवरून परतणाऱ्या ८ महारच्या तुकडीवर हल्ला झाला. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी हल्लेखोरांना मागून घेरले. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारले आणि अखेरच्या श्वासापर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. कणखरपणा रक्तातून येतो असे कोणी सांगू लागला, तर त्याला दापोलीचे ते विनंतीपत्र आणि हे परमवीर चक्र शेजारी शेजारी ठेवून दाखवावे.

तिसरा भाग अपयशांचा आहे. १९४१ च्या नोव्हेंबरात एसएएसची पहिलीच मोहीम वादळात सापडली. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात छत्रीने उतरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक परतले नाहीत. एसएएसचे संस्थापक डेव्हिड स्टर्लिंग यांनी छत्रीचा हट्ट सोडला. वाळवंट ओळखणाऱ्या दुसऱ्या पथकाच्या ट्रकांतून ते जमिनीवरूनच गेले आणि पुढच्याच महिन्यात शत्रूच्या धावपट्ट्यांवर उभी विमाने उडवू लागले. एप्रिल १९८० मध्ये इराणमधल्या ओलिसांना सोडवायला निघालेली अमेरिकेची डेल्टा फोर्स वाळवंटातच थांबली. हेलिकॉप्टरे बिघडली, परतताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळले आणि आठ जण गेले. माणसे कणखर होती, पण वेगवेगळ्या दलांना एकत्र बांधणारी यंत्रणाच नव्हती. आपल्या फौजेच्या बाबतीत, ११ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री श्रीलंकेतल्या जाफना विद्यापीठाच्या मैदानावर १० पॅरा कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फंट्रीचे जवान हेलिकॉप्टरने उतरवले गेले. बेत आधीच फुटला होता. शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जवानांपैकी २९ तिथेच लढत मेले. त्यांच्या धैर्यात काडीची उणीव नव्हती. उणीव खबरीत आणि आखणीत होती. शूर माणसांना चुकीच्या माहितीवर पाठवणे हा त्यांच्या शौर्याचा अपमान आहे, असे मला मनापासून वाटते.

चौथा भाग लिहिताना अनेकांनी तो गाळावा असे सुचवले. मी गाळलेला नाही. १९९३ मध्ये सोमालियात कॅनडाच्या एअरबोर्न रेजिमेंटच्या सैनिकांनी एका किशोरवयीन कैद्याचा छळ करून जीव घेतला. कॅनडाने १९९५ मध्ये ती आख्खी रेजिमेंट बरखास्त केली. नोव्हेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या चौकशी अहवालात त्यांच्या विशेष दलांनी अफगाणिस्तानात ३९ जणांना बेकायदा मारल्याची विश्वासार्ह माहिती असल्याचे नमूद झाले. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडमधल्या ओटिंग येथे कामावरून घरी परतणारे सहा खाणकामगार लष्कराच्या विशेष दलाच्या गोळीबारात मरण पावले. ओळख चुकली, असे सरकारने संसदेत सांगितले. संतापलेल्या गावकऱ्यांशी त्यानंतर झालेल्या संघर्षात आणखी बळी गेले. ज्याच्या हाती रात्रीच्या अंधारात जीवनमरणाचा निर्णय असतो, त्याच्या कणखरपणात स्वतःला आवरण्याची ताकद आलीच पाहिजे. ट्रिगरवरचे बोट थांबवणे हे ट्रिगर दाबण्याइतकेच अवघड काम आहे, आणि प्रशिक्षणात त्याला तेवढेच स्थान हवे.

शेवटचे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या पोगरवाडीच्या कर्नल संतोष महाडिक यांचे आहे. साताऱ्याच्या सैनिक शाळेतून घडलेला हा अधिकारी २१ पॅरा स्पेशल फोर्सेसमधला. ही पलटणसुद्धा १९९६ पर्यंत २१ मराठा लाइट इन्फंट्री होती. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी, ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर असताना, कुपवाड्याच्या जंगलात ते जवानांच्या पुढे राहून लढताना पडले. त्यांना मरणोत्तर शौर्य चक्र मिळाले. त्यांच्या पत्नी, दोन लहान मुलांची आई असलेल्या स्वाती महाडिक यांनी वयाची अट शिथिल करून घेतली, चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतले खडतर प्रशिक्षण पुरे केले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. एका घरातला हा दोन प्रकारचा कणखरपणा एकाच फूटपट्टीने मोजू पाहणाऱ्याला मी सांगेन, की फूटपट्टी खाली ठेवा.

तर मग सर्वात कणखर कोण? एवढे सगळे वाचून माझे उत्तर असे झाले आहे: आपल्याला दिलेल्या कामासाठी जे पूर्ण तयार असतात, बेत फसल्यावरही जे सोबत्याला सोडत नाहीत, आणि हातात शस्त्र असतानाही ज्यांचा विवेक सुटत नाही, ते. या तिन्ही कसोट्यांवर उतरलेली माणसे मरून बेरेखाली सापडतात, तशीच साध्या पायदळातही सापडतात.

लोटे, खेड, चिपळूण, गुहागरच्या ज्या मुलामुलींसाठी हे लिहिले, त्यांच्याशी थोडे थेट बोलतो. आधी लेखी परीक्षा, मग कोल्हापूरच्या भरती कार्यालयाकडून येणारे बोलावणे, ग्राउंड, बीम, नऊ फुटांचा खड्डा, मेडिकल, हे सगळे तुम्हाला पाठ आहे. २०२२ पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठीच भरती होते आणि त्यांतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम ठेवले जाते, हेही तुम्ही जाणता. तुमच्यातले काही निवडले जातील, पुष्कळ जण निवडले जाणार नाहीत. निवड न होणे हा कमीपणा नाही. तयारीच्या काळात लागलेली शिस्त, शेजाऱ्याचे ओझे घेण्याची सवय आणि भीतीतही डोके शांत ठेवण्याचा सराव वाया जात नाही. इथल्या वसाहतीत वायुगळती होते किंवा आग लागते तेव्हा, आणि वाशिष्ठीला पूर येतो तेव्हा, हेच गुण लागतात. पहाटे उठा, मन लावून पळा, पण अभ्यासही तितकाच करा, कारण नकाशा वाचता न येणारा जवान कितीही दमदार असला तरी आपल्या तुकडीला घरी आणू शकत नाही. हे पुस्तक वाचून तुमच्यातल्या एकाने जरी ‘सर्वात कणखर कोण’ याऐवजी ‘मी कोणत्या कामासाठी तयार होतो आहे’ असे स्वतःला विचारायला सुरुवात केली, तर माझे श्रम सार्थकी लागले.

लोटे, ता. खेड, जि. रत्नागिरी